पासपोर्ट साइजचा धूमकेतू

सुजाताअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा जळगावातल्या आमच्या भागातली वीज नुकतीच गेली होती. मी मेणबत्ती शोधत होते, काडेपेटी हाती लागली होती आणि फोन वाजला. धुळ्याहून तिचा मुलगा मिलिंद बोलत होता. "मावशी, आई गेली. दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही," एवढंच तो म्हणाला, आणि मग तारेतून नुसती खरखर येत राहिली... रिसीव्हर ठेवल्यावर मी मेणबत्ती पेटवली नाही. "दिवा लावायची घाई करू नये. अंधाराला ओळख द्यायला थोडा वेळ लागतो, तेवढा त्याला द्यावा," असं जिनं मला शिकवलं, तिच्यासाठी तेवढं तरी करावं असं वाटलं. हळूहळू खिडकीची चौकट उमटली, मग चौकटीतला कडुनिंबाचा शेंडा, मग शेंड्याच्या वर एक तारा. डेव्हलपरच्या थाळीत कागद हलवत राहावं आणि चित्र वर येत जावं, तसं. अक्काला स्वतःला मात्र या ओळखीचा लाभ शेवटची दहा-बारा वर्षं मिळाला नाही. अंधार तिच्यासमोर कितीही वेळ बसला तरी परकाच राहत असे. आणि तरीही, आमच्या खानदेशातल्या रात्रीच्या आकाशाची मी पाहिलेली सर्वांत सुंदर छायाचित्रं तिनंच काढली.

मी तिला पहिल्यांदा भेटले ती परीक्षेच्या अर्जाला लावायच्या फोटोसाठी. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं, मी धुळ्यात बी.ए.ला होते, आणि आग्रा रोडच्या मागच्या एका गल्लीत तिचा स्टुडिओ होता. पाटीवर काहीतरी भारदस्त नाव होतं, पण सगळं गाव त्याला 'अक्काचा स्टुडिओ' म्हणे. नवरा अकाली गेल्यावर दिरानं कॅमेरे विकून टाकायचा सल्ला दिला, तेव्हा तिनं शांतपणे विचारलं होतं, "आणि मग मी काय विकू?" त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही. पडद्यावर रंगवलेला हंसांचा तलाव, त्याच्यासमोर गोल स्टूल, आणि फोटो धुण्याच्या हायपोचा तो आंबट, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारा वास. मी वेण्या पुढे घेऊन, मान किंचित कलती करून, माझ्या मते फार काव्यमय मुद्रेत बसले होते. अक्का कॅमेऱ्यामागून पुढे आली. तिनं माझ्या वेण्या पाठीवर टाकल्या, थंड बोटांनी केस कानामागे सारले आणि म्हणाली, "कवयित्री का? घरी व्हायचं ते. इथे दोन्ही कान दिसले पाहिजेत." मग दिवा लागला, विझला. दुसऱ्या दिवशी फोटो देताना तो हाताभर लांब धरून तिनं निरखला आणि निकाल दिल्यासारखं म्हटलं, "दोन्ही कान आले. फोटो चालेल." हे वाक्य ती प्रत्येकाला म्हणे. नवऱ्या मुलीला, पेन्शनीच्या म्हाताऱ्याला, भरतीला निघालेल्या पोरांना. माणसं फोटोइतकीच त्या वाक्याची वाट पाहत.

तिच्या काउंटरवर जाड काच होती आणि काचेखाली फोटो मांडलेले होते. पासपोर्ट साइजचे, ओळीनं. मला आधी ते नमुने वाटले. नंतर कळलं, ते न नेलेले फोटो होते. कुणी काढून गेलं आणि परत फिरकलं नाही. कुणाची बदली झाली, कुणाचा अर्जच बारगळला. इतर स्टुडिओवाले असे फोटो वर्षभरानं फेकून देत. अक्का एकही फेकत नसे. "त्याचा चेहरा आहे तो. मी कोण फेकणारी? येईल तेव्हा नेईल," ती म्हणे. आणि खरोखर कुणीतरी येई. एकदा एक गृहस्थ सहा-सात वर्षांनी आला, काचेखाली स्वतःला पाहून हसला, आणि त्याच्या आता विरळ झालेल्या केसांवरून हात फिरवत तो फोटो घेऊन गेला. अक्काच्या चेहऱ्यावर तेव्हा विजयाचा जो आनंद होता, तो मी फार थोड्या यशस्वी माणसांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

आकाश तिला वडिलांकडून मिळालं होतं. ते दोंडाईच्याच्या स्टेशनावर गँगमन होते. उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकल्या जात, आणि वडील आडवे पडून पोरांना ओळख करून देत: हे मृगातलं तिकांडं, ही म्हातारीची बाज आणि ते तिच्यामागे लागलेले तीन चोर. सप्तर्षी हा शब्द तिनं शाळेत ऐकला, पण तो तिला कधी रुचला नाही. "सात ऋषी कुणी पाहिलेत? बाज मात्र मी रोज पाहते," असं तिचं म्हणणं. स्टुडिओ चालवायला लागल्यावर एका रात्री वीज गेली असताना तिनं कुतूहलानं गच्चीवर कॅमेरा उभा केला, झाकण उघडलं आणि विसरून खाली जेवायला गेली. फिल्म धुतली तर तीवर ताऱ्यांच्या रेघा उमटलेल्या; सगळ्या एकाच बिंदूभोवती वळलेल्या. त्या दिवसापासून अमावास्या जवळ आली की ती अस्वस्थ होऊ लागली. घरात बुद्धवंदना, वैशाखातली पौर्णिमा मोठ्या थाटात साजरी होई, पण ती गमतीनं म्हणे, "पौर्णिमा वर्षातून एक पुरे. बाकी सगळ्या अमावास्या मला द्या."

मी तिच्यासोबत जायला लागले ते सोबतीला कुणी बाई हवी म्हणून. धुळ्याच्या दिव्यांपासून दूर, सोनगीरच्या किल्ल्याच्या पलीकडच्या बाजूला हिलाल आबांचं शेत होतं. आबा तिचं जुनं गिऱ्हाईक; दोन्ही लेकींच्या लग्नाचे फोटो तिनं काढले होते. तरीही पहिल्या वेळी ते बांधावरच अडून उभे राहिले. "अक्का, अवसले कोनी वावरमा पाय ठेवत नही. तुम्ही काय कराले उनात?" दोन बाया, काळं कापड, कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं आणि वर अमावास्या, गावात काय बोललं जाईल याची त्यांना खरीखुरी काळजी होती, आणि ती काळजी खोटी नव्हती. अक्कानं सांगितलं, "आबा, आभायना फोटो काढाले उनूत." आबांनी वर पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. "आभाय कधी फोटोले बठस का?" ते म्हणाले, आणि हसू आल्यामुळे त्यांना आम्हाला आत येऊ द्यावंच लागलं.

पुढच्या खेपेला अक्का मोठा फोटो घेऊन गेली. खाली किल्ल्याची काळी पाठ, वर ध्रुवाभोवती फिरलेल्या शेकडो रेघा. आबांच्या पत्नी, मंजुळाबाई, हात पदराला पुसत आल्या. मग त्यांनी बोट त्या वर्तुळांच्या बरोबर मध्यावर टेकवलं. "हाई ते जातं शे! आनि हाऊ खुंटा." आकाशाचं जातं आणि ध्रुवाचा खुंटा! मी तेव्हा एम.ए.ला प्रतिमासृष्टीवर टिपणं काढत होते. त्या एका बोटानं माझी टिपणं मिटवून ठेवली. फोटो आबांच्या ओसरीत कॅलेंडरशेजारी लागला, आणि अमावास्येला शेतात काय चालतं याचं उत्तर गावाला मिळालं. आबांच्या वावरात त्या रात्री आभाळ दळलं जातं, असं पोरंही सांगू लागली. मंजुळाबाई मात्र स्वतः अमावास्येला उंबरठ्याबाहेर पाऊल टाकत नसत. आमच्यासाठी कळण्याची भाकरी आणि ठेचा दिवसाउजेडीच बांधून ठेवत आणि अंधार पडला की दार लावून घेत.

शहाऐंशी साली एक फार गाजावाजा झालेला धूमकेतू आला. वर्तमानपत्रांनी महिनोन्‌महिने आधी त्याची वर्णनं छापली होती. आम्ही पहाटेच्या अंधारात शेतात उभे होतो, आबा होते, गावातली चार माणसं होती, आणि कुणालाच काही धड दिसत नव्हतं. दक्षिणेला क्षितिजाशी एक पुसट डाग होता. तोच तो, असं मी सांगत होते, आणि माझाही माझ्यावर विश्वास नव्हता. "काही दिसत नाही," अक्का म्हणाली. "कुणालाच दिसत नाहीये," मी म्हटलं, आणि सगळे हसत घरी गेले. त्या फसलेल्या धूमकेतूनं एक गोष्ट आणखी वर्षभर झाकून ठेवली. पुढच्या हिवाळ्यात गच्चीवर मी सहज म्हटलं, "आज बाज किती स्पष्ट आहे," तर अक्का आकाशाच्या भलत्याच कोपऱ्याकडे तोंड करून उभी होती. "कुठे?" तिनं विचारलं. मी हात धरून तिचा चेहरा वळवला. "इथे... समोर." ती खूप वेळ पाहत राहिली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मला वाटलं, हल्ली तारेच कमी झालेत."

नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यांच्या आतला पडदा हळूहळू झिजतो आहे. आधी रात्र जाईल, मग दिवसाच्या कडा जातील. दृष्टी एखाद्या नळीतून पाहिल्यासारखी अरुंद होत जाईल, आणि ती किती वर्षं टिकेल हे सांगता येणार नाही. औषध नव्हतं. परतीच्या एस.टी.त मी खिडकीबाहेर पाहत रडू आवरत होते. अक्का शेंगा सोलून माझ्या हातावर दाणे ठेवत होती. "रडतेस काय, मास्तरीणबाई? माझं अर्धं आयुष्य डार्करूममध्ये गेलं. आंधळ्याची सगळी कामं मला आधीच येतात." आणि मग, थोड्या वेळानं, "आपला डोळा सांडतो गं. जे आलं ते त्याच क्षणी वाहून जातं. कॅमेऱ्याचा डोळा साठवतो. मला तारा दिसायला आता मध्ये एक फिल्म लागेल, एवढंच." त्यानंतरची दहा वर्षं ती तशीच जगली. मी जळगावच्या महाविद्यालयात शिकवायला लागले होते. अमावास्येला सुट्टी साधून धुळ्याला येई. ध्रुव मी शोधायचा, कॅमेरा मी रोखायचा, बाकी सगळं तिच्या बोटांनी. फिल्म धुऊन, कागदावर उतरवून, दुसऱ्या दिवशी खिडकीच्या उजेडात ती आदल्या रात्रीचं आकाश पाहायची. आमच्यापेक्षा बारा तास उशिरा, पण आमच्यापेक्षा जास्त.

शहाण्णवच्या हिवाळ्यात बातम्या यायला लागल्या की या खेपेचा धूमकेतू खरोखरच मोठा आहे, नुसत्या डोळ्यांनी दिसेल, संध्याकाळीच दिसेल. अक्काच्या दृष्टीची नळी तोवर फार अरुंद झाली होती. गिऱ्हाइकाचा एक कान दिसला की दुसरा शोधावा लागे. स्टुडिओ मिलिंद सांभाळू लागला होता. मी पेपरातलं वाचून दाखवत होते की हा पुन्हा येईल तो दोन-अडीच हजार वर्षांनी. तिनं मान हलवली. "म्हणजे बुद्धापासून आपल्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढंच पुढे." मग ती एकदम म्हणाली, "मागचा चुकला. त्या वेळी डोळे माझे होते आणि धूमकेतू खोटा निघाला. या वेळी तो खरा आहे. डोळे संपायच्या आत मला तो बघायचाय. कागदावर का होईना, पण मी, माझ्या डोळ्यांनी." अक्कानं आयुष्यात काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. हे तिचं एकच मागणं, आणि त्याला मुदत होती.

नुसतं झाकण उघडून भागणार नव्हतं. तसं केलं की तारे सरकतात, रेघा होतात. धूमकेतूही फरफटला असता आणि शेपटी पुसून गेली असती. तिनं तिच्या फ्रेमा करणाऱ्या सुताराकडून दोन फळ्या एका बाजूला बिजागरीनं जोडून घेतल्या आणि दुसऱ्या टोकाला लांब आट्यांचा स्क्रू बसवला. बिजागरी ध्रुवाकडे रोखायची, वरच्या फळीवर कॅमेरा, आणि स्क्रू हळूहळू फिरवत राहायचं. म्हणजे पृथ्वी जेवढी फिरते तेवढीच फळी उघडत जाते आणि आकाश कॅमेऱ्यापुरतं थांबतं. अडचण एकच होती, फिरवण्याचा वेग. घड्याळ बघायला बॅटरी लावावी तर माझे डोळे दिपणार आणि ध्रुव हरवणार. मी हतबल होऊन बसले तेव्हा अक्का म्हणाली, "तुझ्या कविता कशाला आहेत मग?" आणि तिच्या स्वयंपाकघरात, भिंतीवरच्या घड्याळासमोर, एक अख्खी दुपार आम्ही वृत्तं तपासली. शार्दूलविक्रीडित तिला फार ठेचकाळणारं वाटलं. भुजंगप्रयात मात्र तिनं डोळे मिटून ऐकलं. यमाता यमाता यमाता यमाता... "हे चालतं. हे बैलासारखं चालतं," ती म्हणाली. चार चरण सावकाश म्हणायचे, एक श्वास घ्यायचा, आणि तेवढ्यात स्क्रूचा पाव फेरा. वृत्ताचा इतका थेट उपयोग मी वर्गात कधीही सांगू शकले नव्हते.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे अमावास्येलाच, आम्ही आबांच्या शेतात पोचलो. दादर ज्वारी काढून झालेली होती, ताटं पायाखाली करकरत होती, बांधावरचा निंब मोहरला होता आणि त्याचा गोडसर कडू वास उन्हानं तापलेल्या मातीच्या वासात मिसळत होता. घर शेताच्या वायव्य टोकाला, नेमकं धूमकेतूच्या खाली होतं. म्हणून आबांना अंगणातला बल्ब बंद करायला सांगितला. उजेड उतरला आणि तो दिसला. शोधावा लागला नाही. कुणीतरी ओंजळभर पीठ हलकेच वरच्या बाजूला उधळावं तसा, स्वच्छ, निःशब्द, आमच्या सगळ्या अपेक्षांहून मोठा. मी अक्काच्या कानाशी वर्णन करू लागले. तिनं मला थांबवलं. "सांगू नकोस. तू सांगितलेला मला बघायचा नाहीये." मग मी गप्प राहून उत्तरेला हात लांब केला, क्षितिजापासून वीत मोजली; आमच्याकडे ध्रुव बरोबर वीतभर उंचीवर असतो. बिजागरी रोखली. अक्का जमिनीवर मांडी घालून बसली, बोटं स्क्रूवर ठेवली आणि म्हणाली, "म्हण."

पहिल्या दोन खेपांना वारा आला, तिकाटणं थरथरलं. तिसरी मोठी होती. धूमकेतू क्षितिजाकडे कलत होता, यानंतर वेळ उरणार नव्हता. यमाता यमाता यमाता यमाता... माझा आवाज, तिचा पाव फेरा, दूर कुठेतरी मोटारपंपाची घरघर. अर्ध्याहून अधिक खेप उलटली असेल आणि घराच्या बाजूनं, बरोबर कॅमेऱ्याच्या समोर, एक पिवळा ठिपका हलू लागला. कंदील! तो अंधारातून आमच्याकडे येत होता, डावीउजवीकडे झोके खात. माझा चरण अर्ध्यावर राहिला. सगळं गेलं, असं वाटून मी ओरडणार तोच अक्काच्या डाव्या हातानं माझं मनगट पकडलं. "थांबू नकोस. म्हणत राहा."

"अक्का, उजेड..."

"म्हण," ती म्हणाली. आणि पुढचा पाव फेरा दिल्यावर, अगदी हळू, "मला दिसतोय तो."

त्या संपूर्ण रात्रीत तिला दिसलेली ती एकच गोष्ट होती. मी म्हणत राहिले. मात्रा चुकली नाही. कंदील जवळ येत गेला, आणि कॅमेऱ्याच्या कक्षेतून बाहेर पडून बांधाच्या कडेनं आमच्या मागे आला तेव्हा अक्कानं झाकण बंद केलं. मंजुळाबाई होत्या. धाप लागलेली, एका हातात कंदील, दुसऱ्या हातात झाकलेली थाळी. "लाइट बंद कयी, बरं," त्या रागानंच म्हणाल्या, "पन पाव्हनास्ले अंधारामा बठाडतस का कोठे?" अक्कानं विचारलं, "मंजुळाबाई, आज अवस शे नं? भ्याव नही वाटनं?" "वाटनं ना!" त्या म्हणाल्या. "पन तुम्ही दोन्हीजनी अंधारामा बठेल... म्हनीसन उनू." जिनं इतक्या वर्षांत अमावास्येला उंबरठा ओलांडला नव्हता, ती आमच्यासाठी तो ओलांडून आली होती. तिला आता काय म्हणायचं? आम्ही कंदिलाच्या उजेडात भाकरी खाल्ली. ठेचा इतका तिखट होता की डोळ्यांतल्या पाण्याचा हिशेब कुणाला द्यावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत गुढ्या उभ्या राहत होत्या आणि अक्का डार्करूममध्ये होती. फिल्म रंगीत घ्यायला तिनं साफ नकार दिला होता. रंगीत फिल्म बाहेर द्यावी लागते, दुसऱ्याचे हात लागतात. पहिल्या दोन खेपा थरथरलेल्या निघाल्या. तिसरीत धूमकेतू होता. स्थिर, टोकदार, लांबवर पसरलेला. खाली, काळ्या जमिनीवर, उजेडाची एक नागमोडी रेघ. मिलिंदनं आनंदानं त्याचा मोठा फोटो केला, पाटाएवढा, आणि खिडकीपाशी आईच्या समोर धरला. अक्का पाहू लागली. तिचा चेहरा कागदावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत होता, परत येत होता, पुन्हा जात होता. "हे काय आहे? ... आणि हे?" तिच्या नळीत एका वेळी आकाशाचा रुपयाएवढा तुकडा मावत होता. शेपटी दिसली की डोकं हरवे, डोकं सापडलं की शेपटी. मिलिंदचे हात खाली आले. मी खिडकीबाहेरच्या गुढीकडे पाहू लागले. एवढं करून, इतक्या उशिरा...

आणि मग अक्का हसली. "आपण दोघं मूर्ख आहोत रे मिलिंद! माणसं छोटी करण्यात जन्म गेला माझा, आणि हा एवढा मोठा कशाला केला?" ती उठली, भिंत धरून डार्करूममध्ये गेली, दार लागलं. आतून पाण्याचा आवाज आला, चिमट्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या बोटांच्या चिमटीत एक ओला, इवलासा कागद होता; कडेनं पांढरी पट्टी सोडलेला, अर्जाला लावतात तसा. पासपोर्ट साइज. तिनं खिडकीकडे तोंड केलं आणि हात पूर्ण लांब करून तो समोर धरला.

ती किती वेळ तशी उभी होती ते मला सांगता येणार नाही. गल्लीत कुणीतरी थाळी वाजवत होतं. कागदावरून पाण्याचा एक थेंब तिच्या मनगटापर्यंत ओघळला, कोपरापर्यंत गेला, तरी हात हलला नाही. मग तिनं निकाल दिला.

"दोन्ही शेपट्या आल्यात. फोटो चालेल."

"दोन्ही?" मी म्हटलं. "मला तर एकच दिसली होती." तिनं फोटो माझ्यापुढे केला, आणि खरंच, रुंद पांढऱ्या शेपटीच्या बाजूला एक दुसरी होती; सरळ, सडपातळ, फुंकरीसारखी. शेतात उघड्या डोळ्यांनी मी तिच्याकडे पाहत असूनही ती पाहिली नव्हती. अक्कानं ते माझ्या तोंडावर वाचलं असणार. फार खूश झाली. "कवयित्रीबाई," ती म्हणाली, "पुढच्या वेळी नीट बघा."

असाच एक फोटो मंजुळाबाईंनाही गेला. "मी कोठे शे?" त्यांनी विचारलं. अक्कानं खालच्या रेघेवर नख टेकवलं. मंजुळाबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि रेघेची ती वेडीवाकडी वळणं पाहून त्यांना राग आला. "मी ते सरय चालनू व्हतू!" सरळ चालल्याचा त्यांचा दावा आजही कायम आहे, आणि तो फोटो त्यांच्या डब्यात, देवाच्या टाकांशेजारी आहे.

अक्काच्या जलदान विधीला मी धुळ्याला गेले. हिलाल आबा आणि मंजुळाबाई सोनगीरहून आले होते. भन्तेंनी वंदना म्हटली. पांढऱ्या फुलांच्या हारात तिचा मोठा फोटो होता, आणि त्याच्यासमोर बसल्यावर मला तो काही केल्या पूर्ण पाहता येईना. कपाळ पाहिलं की हसू निसटत होतं, हसू धरलं की डोळे. लोक पांगल्यावर मी समोरच्या स्टुडिओत गेले. हंसांचा तलाव अजून आहे, जरा फिका झालाय. काउंटरची काच लख्ख होती. अक्कासारखाच मिलिंदही ती सकाळी तळहातानं चाचपून पुसतो. काचेखाली न नेलेल्या माणसांच्या ओळी तशाच होत्या, आणि शेवटच्या ओळीत, पेन्शनीच्या एका म्हाताऱ्याच्या आणि टाय लावलेल्या एका पोराच्या मध्ये, धूमकेतू होता. तो तिथे अक्कानंच ठेवला होता, मिलिंद म्हणाला, शेवटच्या दिवाळीत, स्वतःच्या हातानं जागा करून. मी त्याच्याशेजारी हात टेकवून उभी राहिले. एवढ्यात परीक्षेच्या फोटोसाठी एक मुलगी आली. वेण्या पुढे घेतलेल्या. थांबता थांबता ती काचेवर वाकली, चेहरे बघू लागली आणि एका जागी अडली.

"दादा, हा कोणाचा फोटो आहे?"

मिलिंद दिवा जुळवत होता. त्यानं मान वळवली नाही.

"गिऱ्हाईक आहे," तो म्हणाला. "न्यायला यायचंय अजून. तू बस, आणि दोन्ही कान दिसू दे."